निकाहनामा आणि नोंदणीचा दाखला
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात अभ्यास, परीक्षा आणि शिष्यवृत्ती सोडून लग्नाच्या कागदपत्रांवर भाषण कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु थोडा विचार करा. मुलगी पहिलीत जाते तेव्हा आपण तिचा जन्माचा दाखला आणतो. दहावी झाली की शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका फाइलीत घालून कपाटात जपून ठेवतो. तीच मुलगी मोठी होते, तिचा निकाह होतो, मेजवानी होते, रुखसत होते. आणि सहा महिन्यांनी त्या निकाहाचा कागद कोठे आहे असे विचारले, तर कोणी म्हणते काझीसाहेबांच्या वहीत असेल, कोणी म्हणते मुलाच्या वडिलांनी ठेवला असेल. महापालिकेत नोंद केली का, असे विचारावे तर घरात एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे सुरू होते. शिकलेल्या घरांतसुद्धा हे चालते. म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलावयाचे ठरविले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. निकाह आणि निकाहाची नोंदणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निकाह इजाब आणि कबूल यांनी होतो, गवाहांच्या समोर होतो आणि त्यात मेहर ठरतो. तो पूर्ण होण्यासाठी महापालिकेच्या शिक्क्याची गरज नाही. १८८० च्या काझी कायद्यात तर असेही स्पष्ट म्हटले आहे की, निकाहाच्या वेळी सरकारने नेमलेला काझी हजर असलाच पाहिजे असे नाही. तेव्हा नोंदणी केली नाही म्हणून निकाह खोटा ठरतो, ही भीती कोणी बाळगू नये आणि कोणी दुसऱ्याला घालूही नये. आपल्या राज्याच्या नोंदणी कायद्यातही तसेच लिहिले आहे: केवळ नोंद झाली नाही एवढ्या कारणाने विवाह अवैध मानला जात नाही.

मग नोंदणी कशासाठी? तर निकाह झाला हे परक्या माणसाला पटवून देण्यासाठी. मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक असते की अमुकाची मुलगी अमुकाच्या घरी दिली आहे. पण बँकेतील अधिकारी मोहल्ल्यातला नसतो. दूतावासातील कारकून आपल्या जमातीतला नसतो. त्याच्यापुढे आपली आठवण चालत नाही, त्याला कागद लागतो. आणि बहुतेक वेळा तो कागद पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक लागतो.

उदाहरणे डोळ्यांसमोर आणा. राबोडी, महागिरी, मुंब्रा, कौसा, कल्याणचा दूध नाका, भिवंडी. या सर्व ठिकाणी आखाती देशांत नोकरी करणारी माणसे घरोघर आहेत. मुलगा सुट्टीवर येतो, निकाह होतो, महिन्याभरात परत जातो आणि पत्नीला बोलावण्यासाठी विवाहाचा दाखला मागवतो. त्या दाखल्यावर राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि काही देशांसाठी त्यापुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. सौदी अरेबियाने २०२२ पासून अपॉस्टिल नावाची सुटसुटीत पद्धत स्वीकारली आहे. परंतु तो शिक्कासुद्धा सरकारी दाखल्यावरच बसतो. उर्दूत हाताने लिहिलेल्या निकाहनाम्यावर एवढी सारी इमारत उभी राहत नाही.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे, पण ते टाळून चालणार नाही. कारखान्यात नोकरी करणारा तरुण माणूस अचानक अल्लाला प्यारा होतो. भविष्य निर्वाह निधी, विधवेचे निवृत्तिवेतन, बँकेतील रक्कम, विम्याचे पैसे, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: मयताची पत्नी आपणच कशावरून? आपल्या वारसा कायद्याप्रमाणे मुले असतील तर विधवेचा हिस्सा एक अष्टमांश आणि मुले नसतील तर एक चतुर्थांश आहे. शिवाय न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज समजले जाते आणि वाटणीच्या आधी ते फेडावयाचे असते. हे हक्क शरीयतने दिलेले आहेत. पण हक्क मागण्यासाठी आधी पत्नी असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि मेहर किती ठरला होता तेही दाखवावे लागते. इद्दतीत बसलेल्या बाईने त्या काळात काझीसाहेबांची जुनी वही शोधत हिंडावे काय?

तिसरे उदाहरण आपणा सर्वांस माहीत आहे. नवरा घर सोडून जातो, खर्च देत नाही, आणि पोटगीचा अर्ज केला की कधी कधी लग्नच नाकारतो. दीर्घकाळच्या सहवासावरून लग्न झाले असावे असे न्यायालय मानू शकते, हे खरे. पण त्यासाठी साक्षीपुरावे आणि वर्षे लागतात. नोंदणीचा एक कागद असता तर तो वाद तेथेच थांबला असता.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ सालीच झाला होता. त्याची जागा पुढे महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ या कायद्याने घेतली. हा कायदा सर्व धर्मांच्या विवाहांना लागू आहे. विवाह झाल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यावा, असे त्यात सांगितले आहे. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्व राज्यांना विवाह नोंदणी सक्तीची करावयास सांगितले. आपले राज्य त्यापूर्वीच त्या वाटेवर होते.

काही बंधूंना वाटते की हा शरीयतमध्ये हस्तक्षेप आहे. त्यांच्याशी मी आदराने दोन गोष्टी बोलू इच्छितो. पहिली गोष्ट, सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षीदार घ्यावेत अशी शिकवण आहे; ती आयत कुरआनातील सर्वांत मोठी आयत म्हणून ओळखली जाते. उधारीसाठी एवढी काळजी सांगितली असेल, तर ज्या करारात मेहर आहे, वारसा आहे, मुलांचे नाव आहे, तो करार नीट लिहून ठेवणे शिकवणीच्या विरुद्ध कसे होईल? दुसरी गोष्ट, मुस्लिम देशांनीच हे पूर्वी केले आहे. इजिप्तने १९३१ च्या कायद्याने सरकारी कागदावर नोंद नसलेल्या आणि नाकारलेल्या विवाहाचे दावे ऐकण्यावर बंधन घातले. पाकिस्तानात १९६१ पासून आणि बांगलादेशात १९७४ पासून निकाहाच्या नोंदणीचा कायदा आहे. आपल्या राज्याचा कायदा निकाह कसा पढावा हे सांगत नाही. तो फक्त एवढे म्हणतो की झालेली गोष्ट वहीत लिहा.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते क्रमाने सांगतो. पालकांनी आणि विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी लक्ष द्यावे, कारण पुढे घरातला अर्ज तुम्हालाच भरावयाचा आहे.

अर्ज कोठे करावा? आपल्याकडे मोठा घोटाळा येथेच होतो. नवरी मुंब्र्याची, नवरा कल्याणचा आणि हॉल भिवंडीचा. तीन गावे आणि तीन महापालिका. साधारणपणे नवरा किंवा नवरी ज्या महापालिकेच्या हद्दीत राहते, तेथील विवाह निबंधकाच्या कार्यालयात अर्ज घेतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आपल्या प्रभागाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी. महापालिकेबाहेरील गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत विचारावे. हॉल ज्या गावी घेतला त्या गावी धावत जाण्याआधी एवढी चौकशी केली तर दोन फेऱ्या वाचतील.

अर्जाचा नमुना कोणता? कायद्यातील नमुना ‘ड’. त्यावर नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि निकाह पढविणारे काझीसाहेब यांची माहिती आणि सह्या लागतात. येथे एक सोपी युक्ती सांगतो. आपल्या निकाहात नवरीच्या बाजूने एक वकील असतो आणि दोन गवाह असतात. हे तिघे निकाहाला प्रत्यक्ष हजर असतात. तेव्हा नोंदणीचे तीन साक्षीदार म्हणून याच तिघांना घ्यावे. त्यांच्या ओळखपत्राच्या आणि राहत्या पत्त्याच्या प्रती, तसेच छायाचित्रे निकाहाच्या दिवशीच मागून घ्यावीत. पुढे मामा रत्नागिरीला आणि चुलता कुवेतला गेल्यावर साक्षीदार जमविणे फार अवघड होते. काझीसाहेबांची सहीही त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात घेऊन ठेवावी.

कागद कोणते लागतात? नवरा-नवरीच्या वयाचा पुरावा, म्हणजे जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. राहत्या पत्त्याचा पुरावा. दोघांची छायाचित्रे. निकाहाच्या वेळचे एक छायाचित्र. लग्नपत्रिका, आणि पत्रिका छापली नसेल तर प्रतिज्ञापत्र. निकाहनाम्याची प्रत, आणि तो उर्दूत असेल तर त्याचा मराठी किंवा इंग्रजी तर्जुमा. दोघांपैकी कोणाचे पूर्वी लग्न झाले असेल तर मयताचा दाखला किंवा तलाक अथवा खुला झाल्याचा कागद. तलाकच्या कागदाबाबत एक सूचना आहे. एका दमात तीन वेळा उच्चारलेला तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक ठरविला आहे. तेव्हा तसा कागद पुढे करून दुसऱ्या निकाहाची नोंद होईल अशी आशा धरू नये.

अर्जासोबत ठरलेली फी भरावी लागते. नव्वद दिवस उलटून गेले असतील तरी घाबरू नये. उशिराची फी भरून नोंद करता येते. ज्यांच्या लग्नाला अनेक वर्षे झाली आणि नोंद राहून गेली, त्यांनीही संकोच सोडून चौकशी करावी. मात्र जितका उशीर, तितके काझीसाहेब आणि साक्षीदार मिळणे कठीण, हे ध्यानात ठेवावे. आता पुष्कळ ठिकाणी अर्ज संगणकावर भरण्याची सोय झाली आहे; तरी मूळ कागद दाखवावयास आणि सही करावयास जावेच लागते. त्या दिवशी नवरा, नवरी आणि तिन्ही साक्षीदार यांनी कामाची रजा काढून वेळेवर यावे.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख मोहम्मद’, आधार कार्डावर ‘मोहमद शेख’ आणि निकाहनाम्यात नुसते ‘मो.’ असे तीन प्रकार आढळले की कारकुनाला ती तीन माणसे वाटतात. मुलींच्या बाबतीत कोठे ‘बेगम’, कोठे ‘बी’, कोठे ‘बानो’ आणि कोठे काहीच नाही. म्हणून निकाहाच्या आठ दिवस आधी दोघांचे शाळेचे दाखले समोर ठेवून नावे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावीत आणि तो कागद काझीसाहेबांच्या हाती द्यावा. निकाहनाम्यात हिजरी तारखेबरोबर इंग्रजी तारीखही असावी.

मेहरची रक्कम अंकांत आणि अक्षरांत अशी दोन्ही प्रकारे लिहावी. मेहरचे दोन प्रकार आहेत. ताबडतोब द्यावयाचा तो मुअज्जल आणि पुढे द्यावयाचा तो मुवज्जल. अरबी लिपीत या शब्दांतला फरक दिसतो, पण कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. पुढे वाद निघाला तर एका अक्षराने मुलीचे नुकसान होऊ शकते. म्हणून शेजारी सरळ मराठीत लिहावे: इतके रुपये आज दिले, इतके रुपये मागणी करताच द्यावयाचे. मुलीला निकाहनाम्याची स्वतःची प्रत मिळालीच पाहिजे.

निकाहनाम्यात अटी लिहिण्याची रीत काही नवी नाही. सतराव्या शतकातील सुरतेचे फारसी निकाहनामे इतिहासकारांनी अभ्यासले आहेत. त्यांत नवरा दुसरे लग्न करणार नाही, मारहाण करणार नाही, खर्चाची सोय न करता ठराविक मुदतीपेक्षा अधिक दूर राहणार नाही, अशा अटी आढळतात. मोगल अमलात सुरतेच्या घरांतील मुलींना जे लिहून मिळत होते, ते मागताना आज आपण का कचरावे? आपल्या मुलीसाठी काय लिहून घ्यावे, हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी निकाहाआधी गोडीने ठरवावे.

आता समजा कार्यालयाने अर्ज घेण्याचे नाकारले तर? निबंधकाला नाकारण्याचा अधिकार आहे, पण तो मर्यादित आहे. विवाह त्या पक्षांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे झालेला नाही, ओळख पटत नाही, किंवा कागदांवरून विवाह सिद्ध होत नाही, अशी कारणे असावी लागतात, आणि अर्जदारांचे म्हणणे ऐकून ती लेखी द्यावी लागतात. या बाबतीत आपल्या ठाण्याचेच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. एका मुस्लिम गृहस्थाने अल्जीरियाच्या महिलेशी केलेल्या तिसऱ्या विवाहाची नोंद करण्यास महापालिकेच्या कार्यालयाने नकार दिला होता. कायद्यात एकाच विवाहाची नोंद अभिप्रेत आहे, असे कारण पुढे करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, १९९८ च्या कायद्यात असे कोठेही म्हटलेले नाही, आणि मुस्लिम पक्षांचा व्यक्तिगत कायदा या कायद्याने बाजूला ठेवलेला नाही. अर्जदारांचे म्हणणे ऐकून मुदतीत निर्णय द्यावा, असा आदेश झाला.

एकाहून अधिक विवाहांविषयी या सभागृहात निरनिराळी मते असतील. माझे स्वतःचे मत असे की, एक घर न्यायाने सांभाळणे हेच माणसाला पुरेसे आहे. परंतु या निकालातून घ्यावयाचा धडा निराळा आहे. ज्या स्त्रीशी विवाह झाला तिची नोंद झाली नाही, तर नुकसान त्या स्त्रीचे आणि तिच्या मुलांचे होते. पहिल्या पत्नीची नोंद आधीपासून असेल तर तिचाही हक्क पक्का राहतो. तेव्हा नकार मिळाला तर खिडकीपाशी वाद घालू नये आणि निराश होऊन घरीही जाऊ नये. नकार लेखी मागावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास त्याच खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे अपील करता येते. त्यासाठी अर्ज दिल्याची पोच जपून ठेवावी.

काही तरुण मंडळी विचारतात, ‘कोर्ट मॅरेज’ म्हणजे काय? लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात खरे, पण ते न्यायालयात होत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांसमोर ते होते. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, ३० दिवस हरकतींची वाट पाहतात आणि नंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर पुन्हा नोटीस द्यावी लागते. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी ऐकले असेल की तेथे आधी काउंटीच्या कचेरीतून परवाना घ्यावा लागतो आणि मग लग्न लागते. आपल्याकडे निकाहासाठी असा परवाना नाही. निकाह आधी आणि नोंद मागून. आधी नोटीस देण्याची पद्धत या विशेष कायद्यात आहे.

झालेल्या निकाहाची नोंदसुद्धा या विशेष कायद्याखाली करता येते, पण त्याचा परिणाम निराळा होतो, हे समजून घ्यावे. १९९८ च्या कायद्याखाली नोंद केल्याने तुमचा वारसा कायदा बदलत नाही. विशेष विवाह कायद्याखाली नोंद केली तर वारसा भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. ८ मार्च २०२३ रोजी केरळमधील एका मुस्लिम वकिलाने आपल्या पत्नीसह, लग्नाला अनेक वर्षे झाल्यानंतर, याच कारणाने अशी नोंद केली. त्यांना तीन मुलीच होत्या आणि संपूर्ण मालमत्ता मुलींना मिळावी अशी त्यांची इच्छा होती. त्यावर बरीच चर्चा झाली. कोणी कोणता मार्ग घ्यावा हे मी सांगणार नाही. पण दलालाने पुढे केलेल्या कागदावर, तो कोणत्या कायद्याखालचा आहे हे न वाचता सही करू नये, एवढे मात्र आग्रहाने सांगेन.

दलालांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. मुद्रांकाच्या कागदावर नोटरीचा शिक्का मारून ‘लग्न झाले’ किंवा ‘तलाक झाला’ असे लिहून देणारे लोक कचेऱ्यांबाहेर भेटतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या विधि खात्याने स्पष्ट कळविले आहे की, विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार नोटरीला नाही. असा कागद घेऊन बसलेली मुलगी स्वतःला सुरक्षित समजते आणि गरजेच्या वेळी तिच्या हाती काहीच नसते.

नोंदणीने काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. जो विवाह कायद्याने होऊच शकत नाही, तो नोंदणीमुळे वैध होत नाही. नोंदणीच्या वेळी वयाचा पुरावा पाहतात. मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असावा लागतो. पालकहो, या अटीचा मला उलट आनंद वाटतो. नोंदणी करावयाचीच असे घरात एकदा ठरले की, बारावी न झालेल्या मुलीचे लग्न उरकण्याची घाई आपोआप थांबते. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय शोभतो तो त्यामुळेच. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आणि विवाहाचा दाखला ही एकाच साखळीतील कडी आहेत. पहिल्या दोन कडी आपण घट्ट केल्या. तिसरी सैल ठेवू नये.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली जमातीच्या आणि मशिदीच्या विश्वस्तांना. निकाहाची तारीख ठरवावयास माणसे येतात तेव्हाच त्यांच्या हाती नमुना ‘ड’ आणि कागदांची यादी द्यावी. निकाहनाम्याच्या पुस्तकात उर्दूबरोबर मराठीही छापावे, म्हणजे तर्जुम्याचा खर्च आणि चुका दोन्ही वाचतील. दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. तुमच्यापैकी वरच्या वर्गातील मुलामुलींनी महिन्यातून एक रविवार याच इमारतीत बसून मोहल्ल्यातील माणसांचे अर्ज भरून द्यावेत. तुम्हाला अर्ज वाचता येतो, नावांचे स्पेलिंग जुळविता येते, संगणक चालविता येतो. ज्या आईबापांनी घाम गाळून तुम्हाला शिकविले, त्यांच्या मोहल्ल्याला त्या शिक्षणाचा एवढा उपयोग झाला तरी ते सार्थकी लागेल. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. आज घरी गेल्यावर आईला विचारा, ‘अम्मी, तुझा निकाहनामा कोठे आहे आणि त्याची नोंद झाली आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमचा पहिला अर्ज तोच.